पाठमोरे सर

कृष्णाकाठी नाटकवेड्यांची वानवा कधीच नव्हती. पण रंगमंचाकडे पाठ करून नाटक बसवणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत आमच्या सरांखेरीज दुसरा झाला नसेल. तालीम सुरू झाली की ते चपला बाहेर काढून विंगेतल्या लाकडी स्टुलावर बसत. तोंड भिंतीकडे, अनवाणी तळवे फळ्यांवर. म्हणत, "डोळे लबाड असतात. देखणा पोरगा खोटं बोलला तरी गोड लागतो. कान भुलत नाहीत." शाळेत असताना माझं पहिलं वाक्य मी त्यांच्या पाठीलाच ऐकवलं. सदऱ्यावर उतरलेली घामाची रेघ आणि पडद्याच्या जुन्या कापडाचा कोंदट वास, माझ्यासाठी रंगभूमी अजूनही तेवढीच आहे. त्या पाठीचा मोठा धीर वाटे. कुणी बघत नसलं की रडता येतं.

नाटकं ते स्वतःच लिहीत. खरं म्हणजे लिहीत नसत, वेचत. पलूसच्या शाळेत मुलांना नाटक शिकवायला ते सांगलीहून एसटीनं जात आणि वाटेतली प्रत्येक कुरबुर जिवाचा कान करून ऐकत. एकदा कामानिमित्त विट्याला गेले असताना तिथल्या स्टँडवर एक बाई कंडक्टरवर कडाडली, "आवं, पैसं तेवढं दिसत्यात तुमास्नी, म्हातारी चढती ती न्हाई दिसत व्हय?" त्या वाक्याची लय घोळवण्यात सरांची स्वतःची गाडी निघून गेली. विट्याची माणसं देशभर सोनं गाळतात; आमचे सर विट्यातच उपाशीपोटी बसून बोली गाळत राहिले.

यंदाही पलूसच्या तालमींना मी सरांच्या मदतीला होते. दिवाळीनंतर मात्र ते तालमीत मंचाकडे तोंड करून बसू लागले. मुलं हरखली. मुख्य भूमिका करणारी मुलगी मला म्हणाली, "ताई, सर आता आमच्याकडं बघत्यात. लय माया करत्यात." मी मागून हाक मारली. सर वळले नाहीत. पुन्हा मारली. तेव्हा ध्यानात आलं, ते मुलांचे ओठ वाचत होते.

समोर जाऊन विचारलं, तर हसले. "आधी साळुंक्यांची किलबिल गेली, मग पोरींचे आवाज. पुरुष थोडे शिल्लक आहेत, घोगरे. कानातलं यंत्र लावलं, तर सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलतात. खरंखोटं कळत नाही. कुणाला सांगू नकोस. बहिऱ्याच्या हाती शाळा नाटक देईल का? आणि तालमीवाचून मी घरी बसून करू काय?"

सांगलीच्या प्रयोगाला ते हट्टानं पुन्हा पाठमोरे बसले. "मी बघत राहिलो तर ती पोरगी माझ्यासाठी रडेल," म्हणाले. "तू शेजारी बस. चुकली तर चिमटा काढ."

शेवटच्या प्रवेशात मुलगी फौजेतून न परतलेल्या भावाचं ताट वाढते आणि म्हणते, "जेव रं दादा, निवतंय." तिनं ताट ठेवलं. वाक्य आलंच नाही. ती क्षणभर थबकली आणि निघून गेली. सभागृह श्वास रोखून होतं. मी चिमटा काढला नाही.

पडदा पडल्यावर सर म्हणाले, "चिमटा का नाही काढलास? वाक्य गाळलं तिनं."

"तुम्हाला कसं कळलं?" मी त्यांच्या समोर येऊन विचारलं.

"ते म्हणताना ती टाच दाबते. आज फळी हलली नाही." मग स्टुलावरून उठत, "बरं केलंस. जास्तीचंच होतं ते."

मी उत्साहानं म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षीही जमेल, सर!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "गाळलेलं तळव्यांना कळतं गं. बोललेलं खरं होतं की नाही, ते नाही कळत." दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेला आपणहून सगळं सांगून टाकलं.

आता पलूसच्या तालमीत त्या स्टुलावर मी बसते, भिंतीकडे तोंड करून. सर प्रेक्षकांतल्या खुर्चीत असतात. ओठ वाचणंही त्यांनी सोडलंय, नुसते बघतात. परवा तालीम ऐन रंगात असताना ते मध्येच बोलले, फार मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाजही आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही, "अगं, किती सुंदर दिसतात ही पोरं!"

मुलं खुदकन हसली. मी वळले नाही. समोर भिंत होती, तेच बरं होतं.