काळ्याने खाल्लेला दहीभात

आधीच सांगते, मी या ग्रुपवर फक्त वाचायला येते, आणि तुमच्यातले निम्मे अनुभव वाचून मला हसू आलेलं आहे. राग मानू नका. मी ठाण्याला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दोन आणि दोन चार झाले नाहीत तर मला घास जात नाही. भूत, करणी, लागीर... असल्या गोष्टींसाठी माझ्याकडे ना कधी वेळ होता, ना श्रद्धा. तरी लिहितेय, कारण कुणाला तरी सांगायचंय, आणि ऑफिसात सांगितलं तर म्हणतील, मॅडम, थोडे दिवस रजा घ्या.

आम्ही बाळकुमला राहतो, मी आणि आई, दोघीच. माझा मोठा भाऊ आणि वहिनी दिव्याला. यंदा दादा गेला. सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. हार्ट. त्यावर मला जास्त लिहायचं नाहीये.

दहाव्याला आम्ही कल्याणच्या खाडीवर गेलेलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. शेजारच्या लोकांचा पिंड बघता बघता फस्त केला मेल्यांनी, आमच्याकडे ढुंकून बघेनात. मग आपल्यात करतात ते सगळं झालं. काका हात जोडून म्हणाले, "बाबा रे, आईची काळजी करू नको, आम्ही आहोत." वहिनी म्हणाली, "मी खंबीर राहीन, नोकरी सोडणार नाही." मी म्हटलं, आईला सांभाळीन, एकटं सोडणार नाही. चुलतभावाने तर दादाची बाईक नीट ठेवीन असंही सांगून टाकलं. कावळे ढिम्म! ऊन चढलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं. मला विचाराल तर त्या कावळ्यांची पोटं भरलेली होती, बास. पण घरी आल्यावर काकांना कुठे गप्प बसवतंय... आईसमोर बोलून गेले. आईला बरं नव्हतं म्हणून ती घाटावर आली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "त्याचं काहीतरी राहिलंय."

तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. हट्टाने नाही हो. ताट घेऊन बसायची, भात चिवडायची, आणि "पोट भरलं गं" म्हणून सरकवायची. औषधं झाली, सलाईन झालं, प्रोटीनची पावडर झाली. ब्लाऊज खांद्यावरून ओघळायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ते झेपेल का, सांगता येत नाही. ऑफिस, घर आणि आई यात मी पार पिचून गेलेले. आणि अशात, दुष्काळात तेरावा महिना, घरात मासा आला.

दादाला फिशटँकचा नाद. त्यात एकच मासा - काळाकुट्ट, चपटा, वीतभर लांब, शेपटीवर दोन पांढरे पट्टे. दुकानात त्याला ब्लॅक घोस्ट म्हणतात, दादा काळ्या म्हणायचा. दिव्याला पाण्याची ही बोंब, वहिनीला स्वतःपुरतं पाणी मिळायची मारामार. "ताई, टँकचं पाणी कुठून बदलू मी? माझ्या हातून मरेल हो तो," म्हणाली आणि रडायला लागली. मग टेम्पो केला. काळ्याला त्याच्याच जुन्या पाण्यात, झाकणाच्या बादलीत घालून आणलं. टँक ठेवला हॉलमध्ये आईच्या कॉटला लागून, कारण दुसरीकडे प्लग नाही.

पाण्यात सोडल्या सोडल्या काळ्या त्याच्या प्लास्टिकच्या पाईपात जो शिरला, तो बाहेर यायचं नाव नाही. खाणं तर सोडाच. मी ठाण्यात ॲक्वेरियमच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा लाजाळू मासा, अंधारात फिरणारा. उजेड नको, आवाज नको, माणसं नकोत. नवीन जागा आहे ना, वेळ द्या त्याला. काचेला तीन बाजूंनी कागद लावा, दिवे घालवल्यावर खायला टाका, आणि बघत बसू नका."

सगळं केलं. कागद लावले. फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी लाल किड्यांच्या गोठवलेल्या वड्या आल्या - माझ्या फ्रीजरमध्ये! रोज दिवे घालवले की एक वडी विरघळवून पाईपच्या तोंडाशी सोडायची, आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी तेच फुगलेले किडे नळीने ओढून काढायचे. बाजूला आईचं आदल्या दिवशीचं ताट, तेही तसंच. एका सकाळी हे आणि ते दोन्ही घेऊन मी मोरीशी उभी होते, आणि एकदम ओरडले, "मरा दोघंही उपाशी!" आईने ऐकलं. दिवसभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं.

कारण खरी भीती तीच होती. आई पडल्या पडल्या त्या पाईपाकडे बघत असायची. कामवाल्या बाईंना म्हणाली होती, "माझ्या मुलाचं तेवढंच उरलंय." मासा गेला असता तर आईही गेली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

असेच दोनेक आठवडे गेले. एका रविवारी वहिनी आलेली. टळटळीत दुपार, पडदे उघडे, वरून ट्यूबलाइट लावलेली, खाली सोसायटीच्या पोडियमवर कुणाच्या तरी बारशाचे स्पीकर. आईपुढे मी दहीभाताचं ताट ठेवलेलं.

"आज पण नाही खाल्लं त्याने?" आईने पाईपाकडे बघत विचारलं.

"नाही ना आई," वहिनी टँकमध्ये डोकावत म्हणाली.

आई तिच्याकडे वळली, म्हणाली, "घाटावर तुम्ही त्याला काय काय सांगितलंत गं?"

वहिनीने सांगितलं. नोकरीचं, बाईकचं... आणि आईला सांभाळू, ते.

"आणि आईने काय सांगितलं?"

"तू कुठे आलेलीस आई घाटावर?" मी म्हटलं.

"मला कुणी विचारलंच नाही," म्हणत ती उठली. माझा हात न धरता उठली. टँकचं झाकण सरकवलं आणि ताटातली दहीभाताची शितं चिमटीत घेतली. मी ओरडले, "अगं आई, भात नको! पाणी नासेल! तो किडे खातो, भात नाही!" तिचं माझ्याकडे लक्षच नाही. चिमूट पाण्यात धरून म्हणाली, "बाळा, मी जेवते. आजपासून नीट जेवते. तुला सांगते ना... आता खा तू."

आणि काळ्या बाहेर आला. त्या उजेडात, त्या स्पीकरच्या दणदणाटात. आधी शेपटी, मग सगळा. पोटाखालचा झालरीसारखा लांब पर हलवत सरळ वर आला, आईच्या बोटांशी थांबला आणि त्याने भात खाल्ला. एक शीत, मग दुसरं. सगळी. वहिनीने माझं मनगट इतकं आवळलेलं की वळ उठला.

आई कॉटवर बसली, हात पुसला आणि जेवायला लागली. ताट संपवलं. मग म्हणाली, "वैशू, लोणचं नाही का गं?" मी आत गेले, बरणी उघडली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडले. सगळं आवरायच्या नादात राहूनच गेलेलं.

आता तुम्ही जे म्हणाल, ते मी आधीच म्हणून झालंय. दुकानदार म्हणाला, भात तोंडात घेऊन थुंकला असेल. मी टॉर्च लावून तळातली वाळू चिवडली, एक शीत मिळालं नाही. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, मासा तेव्हाच रुळला असेल. असेल. पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तसाच दहीभात चिमटीत धरला, तर तो पाईपातून हलला नाही. दिवे घालवल्यावर किडे मात्र खाल्ले. आजही किडेच खातो, फक्त अंधारात, आणि माणसाची चाहूल लागली की पाईपात. भाताला पुन्हा कधी शिवला नाही.

मला अजून काही उलगडत नाही. आणि खरं सांगायचं तर डोकं चालवायचं त्राणही उरलेलं नाही. तुमच्यात कुणी मासे पाळणारे असतील, त्यांना यामागचं साधंसं कारण माहीत असेल, तर मला जरूर सांगा. मला हवंय ते. फक्त आमच्या घरी कधी आलात तर आईसमोर बोलू नका. ती आता दोन्ही वेळेला जेवते.