आवाजाच्या बारा प्रती

वैशाली नगरात आमच्या घराला लागूनच वच्छलाकाकू राहतात. माहेर तुमसरकडचं. लग्न होऊन भिलाईत आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान देवीदासकाका स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. काकूंचं बोलणं असं, की भाजी निवडायला दोघी बसल्या तर थोड्या वेळात पाच व्हायच्या. कोणाची सून कोणत्या गावची, कोणाच्या बारशात वरण करपलं, सारं त्यांना पाठ. सवय एकच होती, गुडाखूची. तंबाखूचा तो काळा लगदा सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासायचा. इकडे पुष्कळ बायका घासतात.

२०१२च्या फेब्रुवारीत त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला फोड आला. दीड महिना त्यांनी तो लपवला. जेवताना डोळ्यांत पाणी आलं की म्हणायच्या, मिरची तेज आहे. शेवटी मुलीनं, गुंजननं, टॉर्च लावून तोंडात पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना रायपूरला नेलं. तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, जिभेचा बराच भाग काढावा लागेल. जीव वाचेल, पण बोलणं किती उरेल ते आज सांगता येणार नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते.

त्या दिवसांत काकू खोलीत एकट्या बसेनात. भांडी घासता घासता एकेक नाव मोठ्यानं म्हणून बघायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "रंभा. नत्थू. गोंदिया. कढी." मग थोडं थांबून पुन्हा तेच, पहिल्यापासून. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "जीभ अजून चालते का नाई, ते पाहून राहिली."

मग एका दुपारी त्यांनी फोटोंची पेटी उघडली. एका फोटोत मांडवाखाली उभी असलेली म्हातारी दाखवून गुंजनला विचारलं, "हे कोन हाय?"

"मले काय माहीत, आई?"

"तुह्या बाबाची मावशी हाय. माह्या लग्नात हिनंच माह्या पायाले हळद लावली." काकू फोटो हातात धरून तशाच बसल्या. "म्या नाई सांगितलं तं तुमाले कोन सांगन?"

गुंजन एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं अठ्ठावन्न फोटो स्कॅन केले, त्यांचा स्लाइड शो बांधला आणि प्रत्येक फोटोवर आईचा आवाज भरायला घेतला. काकू माइक तोंडाजवळ धरून बसायच्या. फोड दुखायचा, म्हणून तीन-चार फोटो झाले की थंड पाण्याची चूळ भरायच्या आणि पुन्हा सांगायला लागायच्या. पाच दिवसांत सगळं बोलून झालं. चार डीव्हीडी करायच्या ठरल्या, दोन मुलांना, बहिणीला आणि भावाला.

पहिल्या तीन नीट झाल्या. चौथी टीव्हीवर लावली तर तेविसाव्या फोटोला चित्र अडकलं आणि आवाज तुटायला लागला. "मा... मा... मा..." काकूंचाच आवाज, एकाच अक्षरावर अडखळत होता. पुढचा शब्द येईचना. काकूंनी तोंडावर हात ठेवला. गुंजननं धावत जाऊन प्लेयर बंद केला.

"डिस्क खराब आहे, आई. सस्ती वाली है. दुसरी करून देते."

"मी अशीच बोलीन का?" काकूंनी विचारलं. गुंजननं पाण्याचा पेला आणून त्यांच्या तोंडाला लावला.

त्या प्रसंगानं त्यांची भीती वाढलीच. एक प्रत बिघडते, तर बाकीच्याही बिघडतील. घरात आग लागली तर? मुलांनी हरवल्या तर? चाराच्या आठ झाल्या आणि आठाच्या बारा. गुंजन आता चांगल्या डिस्क आणून सावकाश भरत होती. एकेकीला अर्धा-पाऊण तास लागायचा. प्रत्येक प्रत पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत लावून बघितल्याशिवाय काकू तिला पाकिटात घालू देत नव्हत्या. स्वतः बघायची मात्र त्यांची हिंमत होत नव्हती. ते काम काकांवर आलं. काकू स्वयंपाकघरात पाठ करून बसायच्या आणि तिथून विचारायच्या, "चालून राहिली ना?"

"चालून राहिली," काका सांगायचे.

काकांनी आधी पूर्ण स्लाइड शो ऐकलेला नव्हता. एकेचाळिसावा फोटो काकूंचा आणि मथुरा या त्यांच्या बहिणीचा होता. दोघी अंगणात हसताहेत, दात काळे. त्यावर काकूंचा आवाज सांगत होता, "दाढ दुखत होती म्हनून मथुराबाईनं मले गुडाखू देली. तवापासून सुटली नाई. डॉक्टरले म्या सांगितलं, दहा वर्षं झाले सोडली. खोटं बोलली. रिपोट आल्यावर बी दोनदा घासली, भेव वाटे म्हनून. पोट्टेहो, तुमी तोंडाले लावू नका."

काका उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मीच तं आनून देत होतो डबी," ते म्हणाले.

"तुमाले मीच सांगत होती आनाले."

गुंजननं दोघांकडे पाहिलं. "आई, ये हटा दूँ क्या? सगळे ऐकतील."

काकूंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "राहू दे. साऱ्याईत राहू दे."

दुसऱ्या दिवशी भरती होताना त्यांनी डॉक्टरांनाही खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, कागदावर लिहून घेतलं. पण काकूंचा रक्तदाब इतका चढला होता की ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. तो जास्तीचा दिवस सगळ्यात वाईट गेला, असं गुंजन सांगते. आई तिचा हात सोडत नव्हती. बोलत सुटली होती, भेटेल त्या नर्सशी, शेजारच्या पलंगावरच्या बाईशी, झाडूवालीशी. स्ट्रेचर आत जाईपर्यंत तिचं बोलणं सुरूच होतं.

डाव्या बाजूची अर्धी जीभ गेली. पंधरा दिवस नळीनं जेवण आणि पाटीवर लिहून बोलणं. मग रेडिएशन. पहिला शब्द काढला तो कोणालाच कळला नाही, गुंजनलाही नाही. काकू भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि आठवडाभर त्यांनी प्रयत्नच केला नाही. आठव्या दिवशी मथुराबाई आली. ती त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "वच्छे, म्या डबी फेकली. बावीस दिवस झाले. डोकं लय दुखते." काकूंनी तिचा दंड घट्ट धरला आणि काहीतरी म्हणाल्या. मथुराबाईनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा कळलं. "पानी पेत जा," असं त्या म्हणत होत्या.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी असे. त्याच्या आदल्या दिवशी काकू जेवत नसत, पुन्हापुन्हा आरशात जीभ बघत. ती भीती गेलीय असं मी म्हणणार नाही. बोलणं जड झालं आहे, 'र' आणि 'ळ' नीट निघत नाहीत. तरी बुधवारच्या बाजारात माझ्यासोबत येतात. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांचा भाव विचारतात. भाजीवालीला शब्द कळत नाहीत, ती छत्तीसगढीत विचारते, "का कहे दाई?" काकू पुन्हा विचारतात. तिला नाहीच कळलं, तर मी तोंड उघडायच्या आत माझ्या हाताला धरून मला थांबवतात आणि तिसऱ्यांदा विचारतात.