पडला का गियर?

बाबा गेल्याचं मला तोंडाने कुणी सांगायची गरज पडली नाही. धरणाच्या आमच्या बाजूला मोबाइलला रेंज नाही. भर दुपारी, फेरीची वेळ नसताना होडी पाण्यावर दिसली. आत चालवणारा गणपत एकटाच. काठाला लागल्यावर तो चपला हातात घेऊन चिखलातून सरळ माझ्या दाराकडे चालायला लागला, आणि मी चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं... त्याला आता दोन महिने होतील.

बाबांना सगळे काशीमिस्त्री म्हणायचे. त्याआधी आम्हाला कुणी काहीच म्हणत नव्हतं. आजोबांची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली आणि घर माळावर येऊन बसलं. दिवाळी झाली की आई-बाबा वीटभट्टीवर जायचे आणि मी मामाकडे राहून शाळा शिकायची. पावसाळ्यात नाचणीची पेज, आणि कधी ती पण नाही. पुढे बाबा शेणव्याच्या नाक्यावर एका गॅरेजात हाताखाली राहिले. काही वर्षांत शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर कुठल्याही जीपचा गियर कुरकुरला की ती काशीमिस्त्रीकडे येऊ लागली. त्या काळ्या हातांवर मी शहापूरच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या खानदानातली पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच.

नव्वद सालानंतर कधीतरी ग्रामपंचायतीने होडी आणली. भिवंडीकडच्या खाडीतली जुनी शिडाची होडी. शीड आणि डोलकाठी काढून तिला डिझेल इंजिन बसवलेलं. डोलकाठीचं भोक तसंच राहिलं होतं, त्यात आम्ही पावसाळ्यात छत्री उभी करायचो. चालवायला आणि दुरुस्तीला अर्थातच बाबा. होडीला ब्रेक नसतो. काठ जवळ आला की मागचा गियर टाकून वेग मारायचा असतो, आणि नेमका तोच गियर नखरे करायचा. कधी दणका देऊन पडायचा, कधी नुसतीच घरघर. बाबांनी गियरपेटी उघडली, आतल्या प्लेटा बदलल्या, तेल बदललं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी रिकामी होडी फिरवून आले आणि घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता मख्खन हाय मख्खन! उद्या वऱ्हाड यातूनच जाईल."

सासर पलीकडच्या काठाला, लग्न त्यांच्या दारात. आम्ही बौद्ध, त्यामुळे मी पांढऱ्या साडीत, बायका पांढऱ्या लुगड्यांत, पुरुष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांत. वैशाखाचे दिवस. पाणी खाली गेलेलं आणि काठाला नुसता गाळ. समोर सासरची माणसं वाजंत्री घेऊन उभी. बाबांनी ऐटीत गियरची दांडी मागे ओढली. काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. होडी तशीच सुसाट गेली आणि गाळात घुसली, आणि आम्ही सगळे एकमेकांवर आणि मग गाळात. माझी साडी कमरेपर्यंत काळी. वाजंत्री थांबली. नवऱ्याचे मोठे काका काठावरून ओरडले, "काय ओ व्याही, रिव्हर्स गियर घरी ठेवून आले काय?" सगळा काठ हसला. मामीने माझा पदर पिळत म्हटलं, "हस गो तू पण, नायतर रडशील." मी हसू शकले नाही. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. बाबांकडे बघवेना. बुद्धवंदना चालू झाली तेव्हा ते मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे होते, अंगावर गाळ वाळलेला. आईने बोलावलं, व्याह्यांनी हात धरला, तरी ते पुढे येऊन बसले नाहीत.

त्यानंतर बाबा माझ्या घराची पायरी चढेनात. होडी रोज यायची, बाबा रोज यायचे, पण काठापर्यंतच. लांबूनच गियर मधे, न्यूट्रलला घ्यायचे आणि बांबूने रेटत होडी लावायचे. आईने दिलेली पिशवी माझ्या हातात द्यायचे. मी म्हणायची, "बाबा, वर चला, चहा तरी घ्या." ते म्हणायचे, "इंजिन चालू हाय गो." "मग बंद करा." "नको. परत चालू नाय झालं तर?" माझा मुलगा झाला तेव्हाही त्यांनी त्याला काठावरच बघितलं, हात धोतराला पुसून पुसून. त्यांच्या काठाला मात्र शेवटची फेरी झाली की एकटेच होडीत बसायचे. पुन्हा पेटी उघड, पुन्हा लाव. कुणी मदतीला गेलं की, "जा रे, तमाशा हाय काय?" म्हणून हाकलून द्यायचे.

एका दिवाळीला मी माहेरी गेले होते. बाबा होडीतली मागची फळी काढून पालथे पडलेले. मी न विचारताच पुढे जाऊन दांडीजवळ बसले. हाकलतील म्हणून वाट बघितली. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज. मग मागून आवाज आला, "आलीच हायस तर टाक रिव्हर्स."

"टाकला."

"नाय टाकलास."

"टाकलाय ओ बाबा! दांडी पोटाशी आलीय माझ्या."

"अगो इथं काय हललंच नाय!... परत टाक. हळू."

मी हळू ओढली. मग बाबा म्हणाले, "आयला... केबल."

दांडी पुढे, गियरपेटी मागे फळीखाली, आणि दोघांच्या मधे एक केबल. तिला धरून ठेवणारी पट्टी गंजून सैल झालेली. दांडी ओढली की गियर हलायच्या ऐवजी पट्टीच सरकायची. पेटी पहिल्यापासून धडधाकट होती. जीपमधे दांडी थेट पेटीत उतरते, त्यामुळे हात आणि गियर यांच्या मधे काही असतं हे जीपच्या मिस्त्रीच्या डोक्यात आलं नाही. आणि एका माणसाला दांडी ओढून त्याच वेळी मागची पट्टी दिसणार कशी? त्याला दोन माणसं लागतात. लाजेपायी बाबांनी दुसऱ्या माणसाला होडीत येऊच दिलं नव्हतं. पट्टी हातात घेऊन ते कितीतरी वेळ बसले. "एवढ्याशासाठी..." म्हणाले, आणि पाण्याकडे तोंड फिरवलं. मी दांडीजवळच बसून राहिले.

तेव्हापासून बाबांनी एक सवय लावून घेतली. काठ सोडायच्या आधी मागच्या फळीजवळ जो बसला असेल त्याला फळी उचलायला लावायची, दांडी ओढायची आणि ओरडायचं, "पडला का गियर?" मागच्याने बघून सांगायचं, "पडला!" तरच होडी सुटायची. पुढे नवी केबल आली, इंजिनही नवं आलं, तरी ही हाक राहिली. बाबांच्या दिवसकार्याहून मी परत येत होते. गणपतने दांडी ओढली, मागे न बघता हाक दिली. मागे डोळखांबच्या बाजारातून आलेली एक म्हातारी बसली होती. तिने फळी उचलली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पडला रे, चल."

त्या दिवाळीत नवी पट्टी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सोडायला होडी आमच्या काठाला आली, मागचा गियर पडला आणि ती गाळाच्या हातभर अलीकडे थांबली. बाबांनी इंजिन बंद केलं. वर आले, पाय धुतले, माझ्या घरात खुर्चीवर बसून चहा प्यायले.