डाव्या दाराखालचा पाइप

काल नातवाच्या गाडीला नवा सायलेन्सर बसवला. तो पहिल्यांदा तापला, त्यावरच्या रंगाचा करपट वास आला आणि मी थेट सोलापूरच्या आमच्या अंगणात, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जाऊन उभी राहिले.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जुनी विलायती मोटार घेतली होती. तिचा धुराचा पाइप खाली दगडांना सारखा घासायचा. म्हणून आण्णांनी तो बाहेर काढून डाव्या दाराखालून नेला, पॉलिश पेपरनं घासला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला चंदेरी रंग दिला. आठ दिवसांनी माझं लग्न होतं. मी पुण्याला सासरी जाणार होते. त्याबद्दल आण्णा एक अक्षर बोलत नव्हते.

पाइप तापवून रंग पक्का करायचा म्हणून आम्ही मंद्रूपच्या रस्त्याला लागलो. थोड्याच वेळात रंगातून धूर निघायला लागला.

"पदर आत घे, भाजंल की!" आण्णा ओरडले.

माझ्या दाराखाली पाइप नुसता फटफटत होता. दोन्हीकडं ज्वारी काढून मोकळी झालेली रानं होती. मध्येच आण्णा रस्त्यावरची नजर न हलवता बोलायला लागले आणि बराच वेळ बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. मी वाऱ्यात, वेगात खूश होते. हसून मान हलवली. त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, धूळ गेली असेल.

"तेव्हा काय म्हणालात, आण्णा?" एवढं विचारायला पुढं वीस वर्षं मिळाली. मी विचारलं नाही.