केससाठी नेलेला कागद

प्रशिक्षण लोणावळ्याला, शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं. त्याचे गुण भरले नाहीत तर आमच्या संस्थेत पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर निघत नाही, म्हणून कुरकुरत का होईना, सगळे जातात. मनोरुग्णांच्या घरच्यांशी बोलणं, त्यांना समजावणं हे माझं काम. इतकी वर्षं करतेय, मला हे काय नवीन शिकवणार, असा माझा तोरा होताच.

प्रत्येकाने एक केस आणायची होती, कागदपत्रांसकट. मी आंदर मावळातली एक बाळंतीण निवडली. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं होतं. नुसती रडायची, लेकराला जवळ घ्यायची नाही. गोळ्यांनी चार महिन्यांत सावरली. सासरच्यांची भीती मात्र जाईना. हिला माहेरी धाडू आणि पोर आम्ही सांभाळू, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून मी डॉक्टरांकडून लिहून घेतलं होतं, की बाळ आईजवळ ठेवायला हरकत नाही. खाली सही, शिक्का. तो कागद ती पोलक्यात घडी करून ठेवायची.

"दोन दिवसांसाठी दे गं," मी म्हटलं. "झेरॉक्स काढते आणि सोमवारी तुझ्या घरच्यांना समोर बसवायचंय तेव्हा आणते."

तिने कागद पुढे केला, पण लगेच सोडला नाही. "आनाल ना ताई?"

"अगं, आणते म्हणजे आणते."

तळेगावात झेरॉक्सवाल्याकडे लाईट नव्हती आणि माझी गाडी चुकत होती. मग मूळ कागदच पिशवीत टाकला. रुग्णाचं नाव कुणाला दिसू नये हा आमचा नियम, तो तेवढा मी पाळला. नावावर पांढरी चिकटपट्टी मारली.

हॉलच्या दारात वेताची टोपली होती, सगळ्यांचे फोन तिच्यात. सतत रुग्णाच्या हाताशी राहणं हाही एक आजारच आहे, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि आम्ही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी माझी केस. ती नाटकासारखी करून दाखवायची होती, त्यात मी सासू झाले. पदर खोचून, नाक मुरडून असं काही बोलले की सगळे हसून बेजार. कागद हातोहात फिरला. कुटुंबाला विश्वासात कसं घ्यावं ते यांच्याकडून शिका, असं बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

संध्याकाळी फोन हातात आला. त्या बाळंतिणीचे अकरा मिस्ड कॉल होते. त्यांच्या वाडीत रेंज नाही, फोन लावायला वर पठारावर चढावं लागतं. मी लावला तर लागेना.

सकाळी पहिली एसटी धरली, पुढे तासभर चालले. वरातीमागून घोडं. सासू उंबऱ्यात बसून लेकराला चमच्याने दूध पाजत होती.

"मावशी, सून कुठंय?"

"धाडली तिच्या भावासंगं. आज बसायचं व्हतं, पन त्यो कालच आला, म्हून कालच समदी बसलो. ती म्हनली, डाक्टरनं लिवून दिलंय. आमी म्हनलं, दाव. तर म्हनती, म्याडमनी नेलाय. दुपारपातूर थांबलो की. आमी तरी काय करायचं? रातीचं लेकराला काय झालं तर?" बोलता बोलता दूध लेकराच्या हनुवटीवरून ओघळत होतं. कालची माझी नाक मुरडणारी सासू आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

मी कागद काढला. सुनेच्या दिराने तो उलटसुलट करून पाहिला. "हितं नाव का झाकलंय?"

"थांबा," म्हणून मी पट्टी ओढली. पट्टीबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला आणि नाव गेलं.

"आता कुनाचा बी म्हना," असं म्हणून त्याने कागद परत दिला. चिडला नाही, हसलाही नाही. पुढे मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा दिला.

दुपारी तिच्या माहेरी, परंदवडीला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. छाती कापडाने घट्ट बांधलेली, तरी कापड भिजलं होतं. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "डॉक्टरांकडून दुसरा लिहून आणते."

आणाल ना, असं तिने या वेळी विचारलं नाही. कागदाची घडी केली आणि माझ्याच हातात दिली.

"तुमचं काम झालं का त्याच्यानं, ताई?"

"झालं," मी म्हटलं.