जावईबापूंचं हेल्मेट, माझं डोकं

"पप्पा, हात काढा! बोटं जातील!"

जावईबापू ओरडत होते. दोन्ही हातांत नारळ धरून त्यांनी तो डोक्याच्याही वर उचललेला. समोर पाटावर माझं सायकलचं हेल्मेट, आणि ते घरंगळू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी धरून उकिडवा बसलेला मी.

"हाणा हो! माझ्या बोटांची काळजी करू नका. ती सरकारी नोकरीत झिजलेली बोटं आहेत, त्यांना काही होत नाही!" मीही ओरडलो.

दसऱ्याची सकाळ. अंबरनाथ पश्चिमेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळ्या स्कूटरी-मोटरसायकली धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. माझ्या सायकलला मी एवढी मोठी माळ घातली होती की फुलांत सायकल शोधावी लागत होती. हेल्मेटला हळदकुंकू लावलं होतं. मुलीच्या लग्नानंतरचा हा पहिला दसरा, त्यामुळे नारळ फोडायचा मान जावयाचा. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. बिघडवलं ते तळमजल्यावरच्या काकांनी. हे गृहस्थ रिटायर झाल्यापासून पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून जगाचा कारभार बघतात. त्यांनी हेल्मेट उचललं, तळहातावर झेललं आणि म्हणाले, "काय हे? गणपतीच्या मखरातलं उरलेलं थर्माकोल वाटतं. कुणी दिलं?"

दिलं होतं जावईबापूंनी. शहाडहून खास आले होते घेऊन, खोक्यावर लाल रिबीन बांधून. निळ्या रंगाचं, बाजूला चंदेरी पट्टा. "पप्पा, तुम्ही रोज एवढं लांब जाता, डोक्याला काहीतरी पाहिजे," असं म्हणत त्यांनी ते माझ्या डोक्यावर आरती ओवाळल्यासारखं ठेवलं होतं. आता त्यांच्याच देखत, अख्ख्या बिल्डिंगसमोर, सासरच्या माणसांत, त्याला थर्माकोल म्हटलं गेलं. जावईबापू तसे अबोल. बोलण्याच्या बाबतीत ते इतके काटकसरी की लग्नात उखाणासुद्धा त्यांनी अर्धाच घेतला, उरलेला मुलीने पुरा केला. पण त्यांचे कान लाल झाले. "थांबा," ते म्हणाले, "दाखवतोच."

दगडावर फोडायचा नारळ हेल्मेटवर फोडायचा असं ठरलं ते त्या एका क्षणात. कुणाला ते गैर वाटलं नाही. उलट सगळ्यांचे चेहरे उजळले.

मी शेवटच्या क्षणी बोटं काढली आणि नारळ आदळला. तो आवाज! बदलापूरपर्यंत ऐकू गेला म्हणतात. आमच्या गल्लीतली कुत्री अजून फटाका फुटला की आधी पार्किंगकडे बघतात. नारळाची सुरीने कापल्यासारखी दोन शकलं झाली. पाणी उडालं ते दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींपर्यंत, आणि त्यातलं निम्मं काकांच्या चष्म्यावर. हेल्मेट मात्र पाटावर जसंच्या तसं. ओरखडा नाही. टाळ्या पडल्या. काका चष्मा पुसत म्हणाले, "मानलं."

मुलीने सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. खोबरं वाटून होईपर्यंत तो शहाडला सासरच्या ग्रुपवर पोचलाही होता. विहीणबाईंनी तो कल्याणपासून कर्जतपर्यंत जेवढे नातेवाईक पसरलेत तेवढ्यांना पाठवला. खाली लिहिलं, "आमच्या लेकाने सासऱ्यासाठी काय वस्तू निवडली बघा!" संध्याकाळी सोनं द्यायला आलेले लोक आपट्याची पानं देऊन झाल्यावर मला विचारत होते, "ते हेल्मेट बघायला मिळेल का?"

तर अशा रीतीने ते हेल्मेट आमच्या घरातली सर्वांत मानाची वस्तू झालं.

मी सायकल कशी चालवतो हे सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. मी रोज सकाळी अंबरनाथहून निघतो, बदलापूर ओलांडतो आणि चामटोलीला चहा पितो. बदलापूरच्या कुत्र्यांनी भुंकायला तोंड उघडायच्या आत मी चामटोलीत असतो. वाटेतल्या उतारावर मला एकदा एका रिक्षावाल्याने हात दाखवून "काका, जरा जाऊ द्या ना" अशी विनंती केली आहे. रिटायर झालेल्या माणसाकडे स्वतःचं असं फार काही उरत नाही. टीव्हीचा रिमोट बायकोकडे जातो, पेपर काकांकडे जातो. मला उरलाय तो हा रस्ता. अशा वेगाच्या माणसाचं डोकं कशात ठेवलंय याला काही अर्थ आहे की नाही?

दसऱ्यानंतर काही दिवसांनी मी हेल्मेटवरचं कुंकू धुवायला घेतलं. आतल्या गाद्या सोडवल्या, त्या चिकटपट्टीने लावलेल्या असतात, आणि पाहतो तर काय. वरचं निळं कवच ठणठणीत, पण आतल्या पांढऱ्या थरात एक भेग. इकडच्या भोकापासून निघून तिकडच्या भोकापर्यंत गेलेली, आपल्याकडे रस्ता खोदून केबल टाकतात तशी. दोन्ही कडा धरून जरा दाबलं तर ती उघडायची, सोडलं की मिटायची. मी ते दोन-तीनदा करून पाहिलं. मग गाद्या होत्या तशा लावल्या आणि कुणाला काही बोललो नाही.

मी स्वतःशी वाद घातला. हेल्मेट बदलायचं कधी? डोक्यावर मार बसला की. पण मार बसला तेव्हा आत डोकं कुठे होतं? डोकं नव्हतं म्हणजे त्याला कुणाला वाचवायचं नव्हतं. मग त्याने ते एवढं मनाला का लावून घ्यावं? आणि मार कुणाचा, तर पूजेच्या नारळाचा. त्यात आशीर्वादच जास्त असणार. अशी माझी बाजू मी रोज चामटोलीपर्यंत मांडत जायचो आणि येताना जिंकून यायचो. फक्त उतारावर मी ब्रेक दाबायला लागलो होतो. एके दिवशी बदलापूरचं एक कुत्रं माझ्यावर पूर्ण भुंकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्या दिवशी मला कळलं की मी घाबरलोय.

बायकोपासून काही लपत नाही. तिने एक दिवस हेल्मेट खुंटीवरून काढलं, कानाशी धरलं आणि बोटाच्या पेराने वाजवलं. उन्हाळ्यात कुंभाराकडे माठ घेताना ती असेच वाजवते. वीस माठ वाजवून एकविसावा घेते, कुंभार हात जोडतो. तिने हेल्मेट सगळीकडून वाजवलं.

"बद्द वाजतंय," ती म्हणाली. "गेलंय हे."

"अगं, माठ आहे का तो?"

"आत पाणी ठेवायचं की डोकं ठेवायचं, चीर ती चीरच." तिने गाद्या काढून भेग पाहिली आणि पाटासारखी सपाट बसली. "अहो, हे घालून तुम्ही रोज जात होतात?"

"मग काय करू? नवं आणू? तुझ्या विहीणबाईंना काय सांगू? व्हिडिओ अर्ध्या जिल्ह्याने पाहिलाय. जावयाने हौसेने दिलेली वस्तू, जावयाने स्वतःच्या हाताने फोडली, असं? पहिल्याच दसऱ्याला?"

तिने गाद्या होत्या तशा लावल्या आणि म्हणाली, "डोकं एकच आहे."

"हो ना!"

"पण जावईही एकच आहे."

तिने निकाल असा दिला की हे हेल्मेट घालून सायकल चालवायची नाही, जावयाला काही सांगायचं नाही, आणि जावई घरी आले की हेच हेल्मेट घालून त्यांच्यासमोर वावरायचं. "घरात?" मी विचारलं. "घरात," ती म्हणाली.

तेव्हा मी उल्हासनगर गाठलं. जगातली कुठलीही वस्तू तिथे मिळते, आणि तिची सख्खी जुळी बहीण शेजारच्या दुकानात मिळते. मला हुबेहूब तसंच हेल्मेट हवं होतं. निळं, बाजूला चंदेरी पट्टा. खुंटीवर अदलाबदल केली की कुणाला पत्ता लागणार नाही, डोकंही सुटलं आणि जावईही. सायकलच्या सामानाचं एक दुकान सापडलं. गल्ल्यावर सिंधी शेठ बसले होते, त्यांना मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला आणि सगळी हकिकत सांगितली, नारळाचा आकार थोडा वाढवून. शेठनी शांतपणे व्हिडिओ दोनदा पाहिला.

"साईं," ते म्हणाले, "सर के लिए चाहिए या दामाद के लिए?"

मी म्हटलं, "मतलब?"

त्यांनी वरच्या फळीवरून एक हेल्मेट काढलं. काय सांगू! तोच निळा, तोच पट्टा, आतल्या गाद्यासुद्धा त्याच रंगाच्या. खुद्द जावईबापूंनी शपथेवर सांगितलं असतं की हेच ते. "ये दामाद के लिए," शेठ म्हणाले आणि त्याला टिचकी मारली. टिचकीचा खळगा पडला. त्यांनी तो अंगठ्याने आतून सरळ केला. "फोटो में फर्स्ट क्लास आएगा. गिरना मत, बस."

मग गल्ल्याखालून दुसरं काढलं. "और ये सर के लिए." ते पोपटी होतं. नुसतं पोपटी नाही, असं पोपटी की त्याच्याकडे बघून दुकानासमोरची म्हैस थांबली.

"यात निळा नाही?"

"सर वाला नीला खलास."

मी आधी जावयाचं घातलं. दुकानाच्या आरशात पाहिलं. अगदी व्हिडिओतला मी. सगळं घर सुखी दिसत होतं त्या आरशात: मुलीचं सासर, विहीणबाई, बायको. मीही हसत होतो. मग हसता हसता मी आत, केसांखाली, जिथे टक्कल सुरू होतं तिथे बोट लावून पाहिलं. इतकी वर्षं हे डोकं माझ्याबरोबर सगळीकडे आलं, कधी काही मागितलं नाही, आणि मी त्याला टिचकीने खचणाऱ्या टोपीत घालून उतारावरून सोडणार होतो. माझ्या डोक्याची मला पहिल्यांदाच दया आली. "पोपटी द्या," मी म्हटलं, आणि ते पिशवीत घालून, वर कोथिंबीर टाकून घरी आणलं.

पोपटी हेल्मेट मी, बायकोच्याच सल्ल्याने, जिन्याखाली ठेवायचो. निळं खुंटीवर. सकाळी बायकोला टाटा करायचो, जिन्याखाली पोपटी चढवायचो आणि निघायचो. उतारावर ब्रेक सोडला. कुत्री परत मागे पडायला लागली. असंच जन्मभर चाललं असतं.

पण एका रविवारी सकाळीच बेल वाजली. दारात मुलगी, आणि खाली रस्त्यावर जावईबापू मित्राची सायकल घेऊन उभे, त्यांच्या डोक्यावर स्वतःचं हेल्मेट. "पप्पा, आज हे तुमच्याबरोबर चामटोलीला येणार," मुलगी म्हणाली. "मी व्हिडिओ काढते दोघांचा. आईंना पाठवायचाय."

बायको आतून खुंटीवरचं निळं घेऊन धावत आली. माझ्या छातीवर दाबून कुजबुजली, "आजच्या दिवस हेच घाला. सावकाश जा. उतरून ढकलत न्या हवं तर."

"चामटोलीपर्यंत ढकलत?"

"बोलू नका. पोरगी बघतेय."

मुलगी मोबाइल घेऊन पुढे पळाली, मी निळं हातात घेऊन मागून जिना उतरलो. जिन्याखाली थांबलो. एका हातात निळं, दुसऱ्या हातात पोपटी, कलिंगडं निवडायला आल्यासारखा. बाहेर जावईबापू घंटी वाजवत होते. वर गॅलरीत बायको पदर तोंडाला लावून उभी असणार हे मला न बघता दिसत होतं. मी म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे, आणि पोपटी चढवलं.

बाहेर आलो. मुलीने मोबाइल खाली केला. "पप्पा, हे काय?"

मी छाती पुढे काढली. भाषण मला कधीच कमी पडलेलं नाही. "जावईबापू," मी म्हटलं, "तुमचं हेल्मेट म्हणजे हिरा! त्या दिवशी त्याने जो घाव झेलला तो एखाद्या बुरुजाने झेलला नसता! दोष त्याचा नाही, तुमचा तर नाहीच नाही. दोष नारळाचा. यंदाचे नारळच असे येतायत, दगडाला भारी. वरून काही दिसलं नाही, पण आतून..." इथे माझा आवाज थोडा उतरला. मी हातातल्या निळ्याच्या गाद्या काढून भेग दाखवली. "आतून ते गेलंय. मी बरेच दिवस घातलं तसंच. मग भीती वाटायला लागली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आता वाटायचं ते वाटू द्या, पण मी हे डोक्यावर ठेवू शकत नाही."

जावईबापूंनी निळं हेल्मेट हातात घेतलं. अंगठ्याने भेगेच्या कडा दाबल्या. ती उघडली, मिटली. पुन्हा दाबली. मुलगी कधी माझ्याकडे बघत होती, कधी त्यांच्याकडे. गॅलरीत बायकोने डोळे मिटून घेतले. काकांनी खुर्ची जरा पुढे ओढली. अशी शांतता पसरली की शहाडला विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला असेल तर तो मला ऐकू आला असता.

जावईबापूंनी निळं हेल्मेट सायकलच्या हँडलला अडकवलं. माझ्याजवळ आले. माझ्या हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली. मग दोन्ही हातांनी माझं पोपटी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं. हेल्मेट फिरलं. डोकं होतं तिथेच राहिलं.

"पप्पा," ते म्हणाले, "हे मोठं होतंय तुम्हाला."