सुशीलाताईंच्या दारचं पाणी

टँकरच्या रांगेत घागरी जमाव्यात तसे आमच्या पाणी संस्थेचे किस्से जमत गेले. एक उचलायला गेलं की मागे दहा उभे. पण सुरुवात माझ्या नवसापासूनच करावी लागेल.

दुष्काळाचं साल होतं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही आला तर. मी महादेवाला बोलून बसले, "वस्तीत नळ येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही." वाटलं, दोन-तीन महिन्यांचं काम. लागली सव्वादोन वर्षं!

नळ आला त्या आठवड्यात चौसाळ्याच्या बाजारात चप्पल घ्यायला गेले. बायकांची एकही चप्पल पायात शिरेना. दुकानदारानं सहा जोड काढले, सहा ठेवले आणि म्हणाला, "वैनी, देवानं नवस घेतला, पण माप बदलून दिलं. आता गड्याचंच घ्या." गड्याची चप्पल घालून घरी आले. अजून तीच घालते, चांगली टिकते.

•

आमची वस्ती चाळीस घरांची. वरच्या अंगाला आम्ही, खालच्या अंगाला भीमनगर. आड पहिल्यापासून दोन, दोन्हीकडचे वेगळे. दुष्काळात दोन्ही आटले तेव्हा कुठं आम्ही सात बायका एकत्र बसलो आणि संस्था झाली. अध्यक्ष सुशीलाताई, भीमनगरातल्या, अंगणवाडीच्या ताई. सगळ्यात वयस्क आमच्या आळीच्या गयामावशी. वीस वर्षं ऊस तोडून आता घरी नातवंडं सांभाळायच्या. जीभ मात्र कोयत्यासारखीच राहिलेली.

इंजिनिअर साहेबांची अट होती की नळ पाहिजे तर सांडपाण्याची नाली पण पाहिजे. दोन्ही, नाहीतर काहीच नाही. नाली कुठं न्यायची म्हणून साहेब अर्धा दिवस तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघत होते. गयामावशी कंटाळल्या. घरातून भांडी धुतलेलं पाणी बादलीभर आणलं आणि आळीत ओतलं. "जातंय तिकडं जाऊ द्या. त्याच्या मागं चला."

पाणी निघालं, आम्ही मागे. वळण घेत घेत ते थांबलं सुशीलाताईंच्या परसात. गुंठाभर जागा. त्यांच्या सासऱ्यांनी मजुरीच्या पैशातून घेतलेली, घरातली एवढीच जमीन.

ताईंचे मालक मधुकर भाऊजी दारात उभे होते, शाळेत मास्तर. ते म्हणाले, "म्हणजे फिरून फिरून साऱ्या गावाची घाण आमच्याच दारी."

आम्ही सगळ्या खाली बघत होतो. गयामावशी पुटपुटल्या, "उतारच तिकडं हाय, आमी काय करावं?"

सुशीलाताई म्हणाल्या, "येऊ द्या. पण टाकी एकच राहील, नळ दोन्हीकडं एकाच वेळी सुटेल. आणि माझ्या दारी पाणी नितळ आलं पाहिजे."

भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी एक ट्रॉली मुरूम आणून परसाच्या कडेला ओतला. "डबकं झालं की बुजवणार," म्हणाले. "मग साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

•

टाकीत पहिलं पाणी चढायच्या दिवशी मी पहाटेच गेले. सासूबाईंनी काशीहून आणलेली गंगा जपून ठेवली होती, ती टाकीत ओतली. वर हळदीकुंकू वाहिलं. मला वाटलं, मी एकटीच. नंतर कळलं, आमच्या आळीतली प्रत्येक बाई येऊन गेली होती आणि हळद कुणीच चिमटीनं टाकली नव्हती. मागून सुशीलाताई आल्या, त्यांनी नियमाप्रमाणं जंतुनाशक पावडर मोजून टाकली.

नळ सुटला. गयामावशींनी पहिली ओंजळ प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "गंगा आली बाई, पण दवाखान्यातून आली."

मधुकर भाऊजींनी त्याच पाण्यात शाळेचा पांढरा सदरा भिजवला होता. तो वाळला तेव्हा पिवळाधमक. दुसरा सदरा नव्हता, तोच घालून शाळेत गेले. हेडमास्तरांनी विचारलं, "गुरुजी, पुन्हा बोहल्यावर का?"

संध्याकाळी सुशीलाताई आमच्या दारात. आम्हाला वाटलं, आता भांडण. त्या एवढंच म्हणाल्या, "वैनी, देवाचं जे काही टाकायचं असेल ते आधी मला सांगत जा. पावडरीसारखं मोजून टाकू."

•

खरी कसोटी लागली ती राखेनं.

ताईंच्या परसात नालीच्या तोंडाशी गाळ बसायचा खड्डा होता. त्याच्या पुढं खडी, वाळू आणि वर कर्दळ लावलेला वाफा. वाफ्यातून पाणी नितळून बाहेर पडायचं. महिनाभर पडलंही. मग एक दिवस थांबलं. परसात पाणी साचलं, डास झाले. भाऊजी फावडं घेऊन मुरमाच्या ढिगावर उभे राहिले. "सोमवारी बुजवतो."

आमची तातडीची बैठक बसली. आम्ही सगळ्या भांडी राखेनंच घासायचो आणि ती राख नालीत जाऊन खड्डा गच्च झाला होता. पण कबूल कोण करणार? सगळ्यात मोठा आवाज गयामावशींचा. "मी तर राख हातात पण घेत न्हाई. ह्या नव्या सुनांची कामं."

सुशीलाताई पदर खोचून खड्ड्यात उतरल्या. मग मी उतरले, मग बाकीच्या. टोपल्यानं गाळ उपसताना माझ्या हाताला काहीतरी लागलं. धुऊन बघितलं तर चांदीचं जोडवं. गयामावशींचं, राखेनं उजळताना मोरीत गेलेलं. चार दिवसांपासून त्या सुनेला चोर म्हणत होत्या.

मावशी म्हणाल्या, "एवढी राख काय माजीच हाय का?"

ताई म्हणाल्या, "राख सगळ्यांची आहे मावशी. जोडवं तेवढं तुमचं."

त्या दिवसापासून राख उकिरड्यावर जाऊ लागली. पाणी वाहतं झालं. भाऊजींनी फावडं आत ठेवलं, मुरूम मात्र तिथंच ठेवला. "अजून भरवसा नाही," म्हणाले.

•

नळ घरोघरी आला तरी बायका सकाळी घागरी घेऊन गयामावशींच्याच दारात जमायच्या. मावशी ओरडायच्या, "आपापल्या घरी नळ हाय ना? मंग हितं कावून मरता?"

आणि एक दिवस कुणी गेलं नाही, तर मावशी स्वतःच रिकामी घागर घेऊन माझ्या दारात हजर. "माज्या नळाला पानी न्हाई," म्हणाल्या. मागं त्यांच्या अंगणात नळ धो धो वाहत होता. मी मुकाट्यानं त्यांची घागर भरून दिली. गप्पा दुपारपर्यंत चालल्या. मावशी आता नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना अजून पाय रेंगाळतो.

•

आता शेवटचं सांगते, मावशी होत्या तेव्हाचंच. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं माझं उद्यापन होतं. पाऊस त्या वर्षीही गेलेला. चौसाळ्याच्या बाजारात फूल म्हणून मिळेना. झेंडू फुललेला होता तो एकाच ठिकाणी, सुशीलाताईंच्या परसात, कर्दळीच्या पलीकडं.

गयामावशी दचकल्या. "मोरीच्या पान्याची फुलं लक्ष्मीला?"

मी म्हटलं, "मावशी, त्यात माझ्याही मोरीचं पाणी आहे आणि तुमच्याही. परकं काय आहे?"

ताईंनी टोपली भरून दिली. म्हणाल्या, "पूजेला मी येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. जेवायला येते."

भीमनगरातलं कुणी आमच्या आळीत पंगतीला बसण्याची ती पहिलीच वेळ. ताई बायकांच्या रांगेत, भाऊजी बाहेर ओसरीवर. मावशी वाढत होत्या. ताईंच्या ताटात पुरण वाढून पुढं गेल्या, थोडं थांबल्या, परत आल्या आणि वर तुपाची धार धरली.

पंगत उठली. माझी केजची जाऊ खरकट्याची बादली घेऊन मोरीकडं निघाली. मोरीपाशी गयामावशी पिठाची चाळणी धरून उभ्या.

"मावशी, सरका. मोरीतच टाकायचंय."

"गाळून टाक. भाताचं एक शीत खाली जाऊ देणार न्हाई."

"मोरी तर आहे!"

"तुला मोरी दिसती बाई," मावशी म्हणाल्या. "मला सुशीलाचं दार दिसतंय."

ओसरीवर भाऊजी पापड मोडत होते. हात थांबला. कुणाकडंही न बघता म्हणाले, "तो मुरूम कुणाला लागत असला तर न्या. उगीच जागा अडलीय."

तुमच्याकडंही पंगत उठली की एक चाळणी मोरीपाशी धरा. आणि आपलं पाणी पुढं जिच्या दारी जातं तिचं नाव विचारून ठेवा. एवढं माझ्यासाठी करा.